मिटलेल्या पापण्या

"छान आहे हो, पण समोरच्या मावशींच्या देवीसारखी नाही वाटत," असं म्हणून लांझोऊहून आलेल्या बाईंनी हातातला कोरीव तुंबा खाली ठेवला.

छाइयुननं तो झटक्यात उचलून फळीवर ठेवला. "मग घ्या ना समोरचीच! माझ्याकडं काय वाऱ्याला आडोसा म्हणून आला होतात?"

बाई कसनुसं हसल्या आणि खरंच गल्ली ओलांडून लिंगतीच्या दुकानात शिरल्या.

हे रोजचंच झालं होतं. रेतीचे डोंगर बघून परतणारी माणसं बुटांतली वाळू झाडत दुनहुआंगच्या या गल्लीत यायची आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यावर कोरलेली करुणेची देवी क्वानयिन घ्यायची ती लिंगतीकडूनच. दोघी एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेल्या; छाइयुन थोरली, लिंगती धाकटी. छाइयुनची रेघ केसासारखी बारीक, गुरुजीसुद्धा मान डोलवायचे. पण अलीकडं लिंगतीच्या देव्यांच्या पापण्या मिटलेल्या असायच्या आणि लोक म्हणायचे, "काय शांत चेहरा आहे!" ते शब्द छाइयुनला मिरचीसारखे झोंबायचे. शेवटी मन मारून तिनंही तशाच पापण्या कोरल्या. फळीभर देव्या डोळे मिटून बसल्या, तरी गिऱ्हाईक काही वळेना.

देवळातल्या पोथीगायनातही तेच. कथा लिंगती गायची. कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी बुद्धाचं नाव घेऊन साथ द्यायची, तीच तर त्या कथेची गोडी; गळा एकाचा, श्वास साऱ्या गावाचा. छाइयुन मात्र नेमकी तेव्हाच ओठ घट्ट मिटून घ्यायची. नाव देवाचं असलं म्हणून काय झालं, सूर तिचा होता ना!

"मावशी, हिचे डोळे कोरायचे राहिलेत ना? उघडे कोराल?" समोरून त्या बाईंचा आवाज आला. "आई अंथरुणाला खिळलीय माझी. देवीनं तिच्याकडं बघावं, एवढंच म्हणते."

उघडे डोळे सगळ्यात शेवटी, घेणाऱ्याच्या समोर कोरायचे, ही त्यांची रीतच. पण लिंगती घुटमळली. "मिटलेलेच बरे दिसतात, पोरी."

"नको हो मावशी. झोपलेली देवी काय कामाची?"

लिंगतीनं कोरायची सुई उचलली. छाइयुननं मान उंचावून पाहिलं. लिंगती अंगठ्यानं देवीचं कपाळ चाचपत होती, मग नाक, मग पुन्हा कपाळ. सुईचं टोक खाली आलं ते थेट गालाच्या दिशेनं.

लिंगतीला दिसत नव्हतं. पापणीची रेघ अंगठ्याच्या अंदाजानं मारता येते, बुबुळ नाही. म्हणून त्या पापण्या!

एक ओरखडा उमटला की झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर कळलं असतं, गिऱ्हाईक आपसूक इकडं वळलं असतं. छाइयुनला फक्त गप्प बसायचं होतं, आणि लिंगतीपुढं गप्प बसायची तर तिला सवयच होती.

ती गप्प बसली. सुई आणखी खाली आली.

"अगं ए, थांब!" छाइयुन धावतच गल्ली ओलांडून गेली. "थोरली समोर बसलेली असताना धाकटीनं देवीचे डोळे उघडायचे? गुरुजी गेले म्हणून मानपान पण गेला का?" मग बाईंकडं वळून म्हणाली, "आमच्यात असंच असतं. धाकटीनं गायचं, थोरलीनं डोळे उघडायचे."

असं त्यांच्यात काहीएक नव्हतं.

लिंगतीनं मान वर केली. तिची नजर छाइयुनच्या चेहऱ्यापर्यंत न पोचता खांद्यापाशीच थांबली. "विसरलेच बघ, ताई," ती हळूच म्हणाली आणि सुई पुढं केली, जरा भलतीकडंच. छाइयुननं हात तिकडं नेऊन ती घेतली.

लिंगती पोथीतली कथा गाऊ लागली, छाइयुन बुबुळं कोरू लागली. कडवं संपलं आणि साथीची जागा रिकामी राहिली. त्या बाईंना ही रीत ठाऊक नव्हती. लिंगती थांबून राहिली. सुई तुंब्यावरून न उचलता छाइयुननं बुद्धाचं नाव घेतलं. बेसूर, पण मोठ्यानं.

देवीनं टक्क डोळे उघडले. बाईंनी तुंबा छातीशी धरला. निघताना लिंगतीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारखी कला नाही हो कुणाकडं!"

छाइयुनला झोंबायचं ते झोंबलंच.

ती आपल्या दुकानात परतली. फळीवर तिच्या देव्या ओळीनं बसल्या होत्या. त्यातली एक तिनं उजेडात धरली, सुई पापणीजवळ नेली. पण एकदा मिटलेली कोरली, की पापणी पुन्हा उघडता येत नाही. तिनं सुई ठेवून दिली आणि देवीच्या चेहऱ्यावर बसलेली वाळू बाहीनं पुसली.