इंजिनाखालची चप्पल

सिग्नलला उभी राहिली की गाडी हीव भरल्यासारखी थरथरायची आणि शेजारी बसलेली आई डोळे मिटून घ्यायची. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. कुरकुर करण्याचा तिचा स्वभाव नव्हता, पण परवा दवाखान्यातून परतताना म्हणाली, "विकून टाक गं ही. तुझे बाबा गेले, आता हिला कशाला ओढत बसायचं?"

मुलीनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. बाबांचं म्हणावं असं आता हिच्याशिवाय काय उरलं होतं? "एकदा गॅरेजला दाखवते," ती म्हणाली. "नाही जमलं तर विकू."

मिस्त्रीनं बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि नुसता बघत राहिला. "ताई, माउंटिंग गेलंय. ज्या रबरी बुशवर इंजिन टेकतं, ते फाटलं की सगळी थरथर आत उतरते."

"होईल का?"

"न व्हायला काय झालं? बोल्ट जरा नखरे करतील."

बोल्टांनी नखरे केलेच. इंजिनाखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा असा आधार देऊन त्यानं माउंटिंग सोडवलं आणि ते हातात घेऊन हसायला लागला. फाटलेल्या बुशच्या फटीत निळ्या रबराचा तुकडा कापून ठासला होता.

"हे कुणा मेकॅनिकचं काम नाही. चपलेचा तळ आहे हा. पण बसवलाय बेतानं. त्याच्या जिवावर तगली बघा गाडी. आता तोही झिजला."

आईची निळी चप्पल. शेजारच्या कुत्र्यानंच एक पळवली असं धरून आईनं त्याला आजवर दाराशी फिरकू दिलं नव्हतं. ती तोंड सोडायची तेव्हा बाबा पेपरात डोकं घालून म्हणायचे, "जाऊ दे गं, मुकं जनावर ते."

साबणाचं पाणी लावून मिस्त्रीनं नवं बुश दाबून बसवलं, बोल्ट आवळले. गाडी सुरू झाली. मुलगी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्रीनं तो तुकडा पुसून तिच्या हातावर ठेवला.

दवाखान्याच्या पुढच्या फेरीला सिग्नलला आई म्हणाली, "बंद पडली का गं?"

"चालू आहे."

मुलीनं तुकडा तिच्या ओंजळीत दिला आणि तो कुठे सापडला ते सांगितलं. आईनं तो उलटसुलट करून पाहिला. "चप्पल हरवली तेव्हाच कधीतरी म्हणाले होते, आता बसताना पाठीला बरं वाटेल तुला. मला वाटलं, नवी उशी आणली म्हणून म्हणताहेत." मग म्हणाली, "त्या कुत्र्याला मी काय काय बोलले."

सिग्नल सुटला. तुकडा आईनं पर्समध्ये जपून ठेवला.

"घरी गेल्यावर त्याला दोन बिस्किटं टाक. आणि हे बघ, गाडी विकायचं पुन्हा माझ्याजवळ काढू नकोस."