विमान माघारी गेलं

विमान कंपनी बंद पडल्यापासून तनुजाचा पुंडलिकनगरातल्या घरात पाय ठरत नव्हता. तीन वर्षं को-पायलट म्हणून उडालेली पोरगी. कपाटं आवरून झाली, गच्चीवरची टाकी धुऊन झाली, तरी जीव थाऱ्यावर येईना. मग एकाच आठवड्यात दोन कंपन्यांनी बोलावलं आणि तगमग कमी व्हायची ती दुप्पट झाली.

एक कंपनी मोठी, दिल्लीची. जेट विमानं, परदेशाच्या फेऱ्या. तिचा होणारा नवरा ऋतुराज तिथंच पायलट होता. दुसरी छोटी, हैदराबादची, पंख्यांच्या विमानांनी लहान शहरं जोडणारी. तिथं सोनिया मॅडम कॅप्टन होत्या. जुन्या कंपनीत तनुजा त्यांच्याच शेजारी बसून शिकली होती.

"छोटी कंपनी बुडालेली पाहिली ना तू," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "परत तसल्याच दारात कशाला जायचं? इकडं ऋतुराज हाय."

"व्हय, तो पण तेच म्हणतो."

"मग अडलं कुठं?"

ते तनुजालाही सांगता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडं कळवायचं होतं.

त्या दुपारी सोनिया मॅडम हैदराबादहून विमान घेऊन यायच्या होत्या आणि त्यांचा मुक्काम शहरातच होता. त्यांच्याशी बोलावं म्हणून तनुजा स्कूटी काढून चिकलठाण्याच्या विमानतळाकडं निघाली. मे महिना होता. ती पोचेपर्यंत वारं सुटलं, जालना रोडवर धुळीचे लोट उठले. वारं धावपट्टीला आडवं होतं आणि झटके देत येत होतं.

विमान दिसलं. खाली येता येता एका अंगाला कललं, सावरलं. तनुजाचे पाय आपोआप ताठ झाले, जणू विमानाची पेडलं तिच्याच पायाखाली होती. जमीन अगदी जवळ आली असताना इंजिनांचा आवाज चढला आणि विमान वर गेलं. फिरून पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. मग आलंच नाही. हैदराबादला माघारी गेलं, असं कळलं.

खुलताबादहून जावयाला घ्यायला आलेले एक गृहस्थ वैतागले. "दारात येऊन कुणी माघारी जातं का? लई झालं यांचं."

तनुजानं बाजूला जाऊन ऋतुराजला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं.

"मॅडम अजून तशाच भित्र्या," तो हसला. "मी उतरवलं असतं."

"वारं मर्यादेबाहेर होतं, ऋतू."

"आमच्याकडं माघारी फिरलं की दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभं राहावं लागतं. 'बाकीचे कसे उतरले, तूच कसा नाही?' असं विचारतात. मी एकदा ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला धुकं होतं, तरी उतरवलंच."

"धावपट्टी दिसत होती?"

त्यानं आवाज खाली आणला. "शेवटी दिसली गं, नियमापेक्षा खाली आल्यावर. कुणाला बोलू नको."

फोन ठेवल्यावर तनुजा स्कूटीला टेकून उभी राहिली.

सोनिया मॅडमचा फोन आला तेव्हा ऊन कललं होतं. "सगळे सुखरूप आहेत. तुझी खेप मात्र वाया गेली."

"ऑफिसातून काय म्हणाले, मॅडम?"

"काय म्हणणार? जेवलीस का, विचारलं. उद्या वारं पडलं की ये, म्हणाले." मग त्या सावकाश बोलल्या, "पण ही कंपनी किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. ते धरूनच ठरव."

तिनं तिथूनच हैदराबादला होकार कळवला, दिल्लीला नकार. मग ऋतुराजला सांगितलं.

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"मला माझाच भरवसा नाही. त्या साहेबांपुढं एकदा उभी राहिले, तर पुढच्या वेळी मी पण उतरवीन."

त्यानं फोन ठेवला.

घरी आईला कळलं, तेव्हा ती भांडी जोरात आदळत राहिली. जूनमध्ये तनुजा हैदराबादला गेली. ऋतुराज एकदा भेटायला आला. दोघं जेवले, इकडचं तिकडचं बोलले; धुक्याचा विषय दोघांनीही काढला नाही. लग्नाची तारीख अजून धरलेली नाही. आई दर फोनला विचारते, आणि तनुजा म्हणते, "बघू."