जिन्याखालची होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि माझं निम्मं आयुष्य जिन्याखाली गेलं. हसू नका. आविन्यों शहरासमोर रोन नदीच्या पोटात आमचं बेट आहे. तिथे बहुतेक घरांत जिन्याखाली होडी असते, कारण नदी कधी घरात शिरेल याचा नेम नसतो.

मला बार्नाबे आजोबांनी घडवलं. एका पुरात मी एक बकरी, एक कपाट आणि एक पाद्रीबाबा अशी तिघांची खेप केली. त्यात सगळ्यांत कमी कुरकुर बकरीने केली. दर सप्टेंबरला आजोबा मला काठाशी नेऊन दगड भरून बुडवत. पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगायच्या आणि फटी मिटायच्या.

पुढे आजोबा गेले, मागे त्यांच्या बायको ओनोरीन आजी राहिल्या. बरीच वर्षं पूर फिरकला नाही. मग त्यांची नात क्लेमाँस शहरातल्या विद्यापीठात इतिहास शिकायला आली नि आजींकडे राहू लागली. जुन्या वस्तूंवर तिचा भारी जीव. तिने मला घासूनपुसून शेगडीजवळ उभं केलं, माझ्यात पुस्तकं मांडली. तिच्या मैत्रिणी कौतुक करत आणि मी फुशारून जाई. आतून मात्र मी सुकत चालले होते.

त्या डिसेंबरात नदी जिना चढू लागली. वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजींना श्वास पुरेना. फोन मुका झालेला. क्लेमाँसने पुस्तकं भिरकावली आणि मला पाण्यात लोटलं. लगेच माझ्या फटीफटीतून पाणी आत आलं.

"भिजवत होतीस ना गं तिला?" आजींनी वरून विचारलं.

"नाही गं आजी. मी तर तिला थेंबही लागू दिला नाही."

क्लेमाँसने फटींत चादरी कोंबल्या, पण मी तिच्यादेखत बुडाले. सकाळी अग्निशमन दलाची रबरी होडी आली. आजींना नेताना त्यांचा हात पाण्याबाहेर उरलेल्या माझ्या कडेला लागला. "फार लाड झाले गं तुझे," त्या मला म्हणाल्या. दवाखान्यातून त्या परतल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर आमच्याकडून आमचं काम करून घ्या. नुसतं पुसून ठेवू नका.

आता दर सप्टेंबरला क्लेमाँस मला काठाशी नेते आणि एकेक दगड ठेवत बुडवते. पुलावरून जाणारे थांबून सांगतात, "अगं पोरी, होडी बुडतेय तुझी."

ती मान वर करत नाही. "बुडू दे," म्हणते. "तहानली आहे ती."