जुन्या पडद्यातले हे

जाड वायरचा कॅमेरा बरा की नेटवर्कचा, असं परळीच्या आमच्या सीसीटीव्हीच्या दुकानात कुणी विचारलं, तर मी दुसरा शब्द काढू देत नाही. नेटवर्कचाच! चेहरा स्वच्छ दिसतो, पुण्यात बसून मोबाइलवर घर बघता येतं. जुन्या वायरच्या चित्रात माणूस कोणता आणि म्हैस कोणती, एवढंच कळतं. माझी जीभ जरा तिखटच आहे.

राधाकिशनला ते पटलं. त्याचे वडील, आबा, वारलेले, तो पुण्याला, गावात आई सुंदरबाई एकट्या. शेजारी आबांचे धाकटे भाऊ म्हाळूकाका, तेवढाच आधार. तो गावी आला तेव्हा मी नवा कॅमेरा जुन्याशेजारी बसवला आणि दोन्हींचे पडदे ओसरीत जवळजवळ मांडले.

दिवस कलला होता. वीज केंद्राची राख हवेत तरंगत होती, ऊन सायीसारखं दाट झालं होतं. म्हाळूकाका दुधाचा कॅन घेऊन अंगणातून गेले. नव्या पडद्यावर त्यांच्या गालावरचा तीळसुद्धा दिसला. जुन्यावर नुसतं पांढरं धोतर आणि डावीकडे झुकलेला खांदा, तोही हळूहळू विरत गेला.

"बघा मावशी, फरक! काढू का जुना?"

"न्हाई. हे ऱ्हाऊ द्या."

मी हसले. "मावशी, कॅमेरा 'हा' असतो, 'हे' नाही."

"आई, लई खराब झालाय तो. कशापायी ठेवायचा?" राधाकिशन जुनी वायर उपसायला निघाला.

सुंदरबाईंनी डोक्यावर पदर ओढला. "कॅमेऱ्याचं कोन बोलतंय? नव्यात भावजी दिसतेत. जुन्यात हे येतेत, तसाच खांदा पाडून." मग हळूच म्हणाल्या, "मला कळतंय की. येडी न्हाई मी. पर दिसतेत तवर बघू द्या."

मला माझ्याच जिभेचा राग आला. राधाकिशनच्या हातातली वायर तशीच राहिली.

"ताई, ही वायर अजून किती दिवस चालंल?" त्यानं मला विचारलं.

"उंदरानं कुरतडली नाही, तर पुष्कळ वर्षं," मी म्हणाले. जुन्या मालाची बाजू मी पहिल्यांदाच घेत होते.

त्यानं वायर सोडली, नवा पडदा बंद केला आणि आईजवळ खाली बसला. धुरकट अंगण रिकामं होतं. दोघं बघत राहिले.

"आई," त्यानं विचारलं, "आबा कवा येतेत माघारी?"

"येतेत की आता. दूध घालायला गेलेत."