अग्रशाळेवरची पाटी

रामनवमीच्या कीर्तनात कृष्णनाथबुवांचं सगळं लक्ष घड्याळावर असे, कारण बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हायलाच हवा. पूर्वरंग कितीही रंगलेला असो, अकरा-वीसला बुवा उपरणं सावरून थांबायचे. मग हार, बुक्का, आणि पेटीवाल्याला दोन घोट पाणी. त्या मध्यंतरातली पाच मिनिटं यंदा सुलोचनाबाईंनी मागून घेतली होती.

मागताना त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. बाई गावच्या सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका खऱ्या, पण त्याआधी कीर्तनाच्या वेड्या. फोंड्याला माहेरी असताना आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेली आख्यानं त्यांना अजून तोंडपाठ होती. बुवांच्या गादीसमोर उभं राहून शाळेची जाहिरात करायची, हे काही मनाला पटेना. शेवटी बुवाच म्हणाले, "बाई, दरवर्षी पाळणा तुमच्या शाळेची पोरं म्हणतात. पोरं संपली तर पाळणा कोण म्हणणार, मी? माझा आवाज ऐकून राम आल्या वाटेनं परत जायचा."

पोरं खरोखरच संपत आली होती. चारही वर्ग मिळून अकरा. आणि आता भागशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं : दहा जूनपर्यंत पहिलीत आठ मुलं भरली नाहीत, तर शाळा बंद करून मुलांना रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं. रस्त्यापलीकडच्या, हे कागदावर लिहायला सोपं. त्या रस्त्यावरून डिचोलीच्या खाणींचे ट्रक दिवसभर एकामागोमाग एक धावत. मोठी माणसंसुद्धा तो ओलांडताना श्वास रोखून धरत. सहा वर्षांच्या पोरानं तो रोज दोनदा ओलांडायचा, हा विचार मनात आला की बाईंचा घास हातातच राहायचा. आणि पहिलीसाठी आतापर्यंत नावं आली होती फक्त तीन.

बुवांनी खूण केली. बाई उठल्या. सभामंडपात पुढच्या रांगेत गावातली जुनी कुळं बसली होती. त्यांना देवळाचे महाजन म्हणत, आणि देवळाचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच होता. बाईंनी आठवडाभर मनात घोळवलेलं भाषण सुरू केलं. पुस्तकं फुकट, पाटी-दप्तर फुकट. चौथीपर्यंतचं गणित इतकं पक्कं की पुढे कुठेही अडत नाही. दोन शिक्षिका, आणि दोघींनाही प्रत्येक पोराचं घर ठाऊक. कोण कशाला घाबरतं, कुणाला भूक लवकर लागते, तेही ठाऊक.

आणि मग त्यांनी आपलं सर्वांत लाडकं वाक्य म्हटलं. "जुनी इमारत पडल्यापासून अकरा वर्षं आपली शाळा देवाच्या अग्रशाळेत भरते. लांबून येणाऱ्या महाजनांनी जिथे उतरायचं, त्या पवित्र जागेत. देवाच्या सावलीत शिकायला मिळतं, याहून मोठं भाग्य ते कोणतं?"

माना डोलल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. पुढच्या रांगेतले गोकुळदासबाब, देवस्थान समितीचे चिटणीस, हसून म्हणाले, "बरं बोललात हां, बाई. पण आमचा नातू व्हॅनीतून जातो डिचोलीक, इंग्लिश शाळेत. परवा मला म्हणतो, आजोबा, गुड मॉर्निंग म्हणा. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले."

मंडप हसला. बाईही हसल्या. पण आता या मंडपातून एकही नाव येणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

त्या देवळाचा एक रिवाज होता. मध्यंतरात गादीसमोर जो उभा राहतो, बुक्क्याची वाटीही त्यानेच फिरवायची, आणि कीर्तनाला आलेलं एकही कपाळ सोडायचं नाही. एरवी मंडपाच्या खांबांपासूनच वाटी मागे वळायची. बाईंना मात्र आजोबांचा धाक अजून होता : बुक्का राहिला त्याला कीर्तन पोचलं नाही, असं ते म्हणायचे. बाई पायऱ्या उतरून अंगणातल्या दीपस्तंभाकडे गेल्या.

तिथे उन्हातच पाचसहा बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. दोडामार्ग-सावंतवाडीकडची ही माणसं, खाणीवर आणि ट्रकांवर काम करणारी. तीनचार वर्षांपूर्वी आली आणि टेकडीखालच्या पत्र्याच्या खोल्यांत राहिली. बाई पहिलीसाठी गावातलं घर न् घर हिंडल्या होत्या. खोल्यांकडे मात्र त्यांचे पाय कधी वळले नव्हते. आज आहेत, उद्या दुसऱ्या खाणीवर जातील, असं त्यांनी आपलं धरून ठेवलं होतं.

पहिल्याच बाईच्या मांडीला टेकून एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. पाळण्याची ओळ ती हलक्या आवाजात गुणगुणत होती, आणि सुरात.

"नाव काय गं?" बुक्का लावता लावता बाईंनी विचारलं.

"विमला."

"किती वर्षांची?"

"सहा पुरी झाली," आई म्हणाली. तिचं नाव यशोदा.

"मग शाळेत का नाही घातलीस?"

यशोदानं बाईंकडे असं पाहिलं, जणू बाई थट्टाच करताहेत. "आमका थंय खंय घेतत, बाई? दारावर पाटी आसा मा. ही जागा महाजनांसाठी राखीव. मी चौथी शिकलंय, माका वाचूक येता. पयल्या वर्षीच येवन वाचून गेलंय आणि ह्या सगळ्यांक सांगितलं." मग मंडपाकडे हात करून, "आता तुमीय तांच सांगितलात. महाजनांची जागा म्हणून."

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं.

पाटी होती. अग्रशाळेच्या दारावर, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. बाहेरची वऱ्हाडं परस्पर येऊन खोल्या अडवायची म्हणून फार वर्षांपूर्वी ती लावलेली. बाई अकरा वर्षं रोज तिच्याखालून आत जात होत्या. त्यांना ती दिसायचीच बंद झाली होती. आणि यशोदा एकदाच आली, तिनं वाचलं, आणि लिहिलेल्याचा मान राखून परत गेली.

उत्तररंग सुरू झाला. बुवा कौसल्येच्या महालात शिरले, पण बाईंना काही ऐकू येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कीर्तन चुकलं. बाराला घंटा झाल्या, गुलाल उधळला, अकरा मुलांनी पाळणा म्हटला. सुंठवडा हातात पडताच त्या सरळ गोकुळदासबाबांपुढे उभ्या राहिल्या आणि पाटीचं सगळं सांगितलं.

"पाटी माझ्या बापायने लावलेली," गोकुळदासबाब म्हणाले. "ती काढायची तर समितीची बैठक हवी."

"कधी आहे बैठक?"

"श्रावणात."

"श्रावणात माझी शाळा नसेल, बाब."

"मग तुम्ही त्यांना तोंडी सांगा ना. सरकारी शाळा, सगळ्यांना उघडी. संपलं."

"सांगितलं तर विश्वास ठेवतील. पण दारापाशी आल्या की वर बघतील. वाचता येणारी एक आहे त्यांच्यात." बाईंचा आवाज खाली आला. "चूक माझी आहे. मी घरोघर फिरले आणि नेमक्या त्यांच्याच दारात गेले नाही. आज गादीसमोर उभी राहून बोलले, तेही त्यांना अडवण्यासारखंच."

गोकुळदासबाबांनी तळहातावरचा सुंठवडा तोंडात टाकला. मग धोतराला हात पुसला. "पाटी काढायला बैठक लागते," ते सावकाश म्हणाले. "खाली ओळ वाढवायला लागते, असं नियमांत कुठे नाही. नियम मीच लिहिलेत."

उत्सवासाठी पालखीचे दांडे रंगवले होते, त्यातला थोडा पांढरा रंग डब्यात उरला होता. गोकुळदासबाब बाकावर चढले. बाई बाक धरून उभ्या. जेवणाची पानं मांडली जात होती, पण निम्मी माणसं अग्रशाळेच्या दाराशी येऊन थांबली. गोकुळदासबाबांचं अक्षर बापासारखंच टपोरं होतं. बापाच्या ओळीला त्यांनी हात लावला नाही. तिच्याखाली, जरा लहान अक्षरांत, ओळ उमटली.

बाईंनी यशोदाला पुढे बोलावलं. तिनं पदर सारखा केला, बोट वर धरलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं :

"इ-थे... सरकारी... मराठी शाळा... भरते. शाळेत... सर्वांच्या... मुलांना... प्रवेश आहे."

वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला मनातल्या मनात वाचलं. मग मागं वळून बायकांना म्हणाली, "गे, खरांच लिवलां." आणि बाईंना, "आमच्या खोल्यांत पयलीच्या वयाची सा पोरां आसत."

तीन आणि सहा. आठ हवी होती; बाईंनी बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं, नऊ. बुवा पानावरून हाक मारत होते, भात निवतो म्हणून. गोकुळदासबाब बाकावरून उतरताना पुटपुटले, "श्रावणात समिती माझं डोकं खाणार." पण दूर होऊन ओळ सरळ आली आहे का, तेही त्यांनी दोनदा पाहिलं.

विमला दाराच्या आत वाकून बघत होती. तिला ना पुस्तकं दिसली, ना फळा. शाळेची घंटा म्हणून तुळईला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्याला बांधलेली लोखंडी कांब दिसली.

"बाई," ती म्हणाली, "ती घाट कोण मारता?"

"पहिलीतली मुलं," बाई म्हणाल्या. "पाळीपाळीनं."