पहिल्या रांगेतला माल

गोदामातल्या नव्या यंत्राला सगळे सासूबाई म्हणत. नाव काकूंनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की कंपनीने दिलेलं लांबलचक नाव लोक आठवड्याभरात विसरले. छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, त्यांच्यामधून रुळावर पळणारा उंच खांब, आणि त्या खांबावर वरखाली होणारे दोन हात, असा सगळा थाट. काल हाताशी असलेलं खोकं आज जागेवर सापडायचं नाही, आणि का हलवलं असं विचारायची सोय नाही. "लग्नानंतर पहिल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात हेच चालायचं," काकू म्हणायच्या. यंत्राची देखभाल करायला जो तरुण इंजिनिअर आला, तो मग ओघानेच जावईबापू झाला. तोही बिचारा हसून ओ द्यायचा.

काकू माल रवाना करणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या. पूर्वी मांडण्यांमधून माणसं फिरायची, हातगाड्यांची चाकं कुरकुरायची, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने ओरडत असायचं. आता आत जायची बंदी होती. सासूबाईंना उजेड लागत नाही, म्हणून आतले दिवेही काढून टाकले होते. दाराशी उभं राहिलं तर भर दुपारी आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात खांबावरच्या दिव्याचा एक हिरवा ठिपका इकडून तिकडे पळत असायचा. काकूंना त्या दाराकडे पाठ करून बसवत नसे.

सासूबाईंच्या तऱ्हा मात्र सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. त्या कधी रिकाम्या हाताने परत येत नसत. काही ठेवायला मागे गेल्या, की येताना तिथलं काहीतरी पुढे घेऊन येणारच. आणि ज्या मालाची मागणी येणार असेल तो मागणीच्या आधीच पहिल्या रांगेत हजर. थंडी पडायच्या आधी पांघरुणं, शाळा उघडायच्या आधी वह्या. हल्ली तर त्या फार खात्री वाटली की माल थेट गाडीकडेच धाडत, मागणी मागाहून येई. काकूंनी सुरुवातीला नाक मुरडलं, चूक निघायची वाट पाहिली, आणि ती काही निघाली नाही.

एका सकाळी पहिल्या रांगेत स्ट्रेचर दिसले. घडीचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. शेजारी भाजल्यावर लावायच्या मलमाचे डबे, जाळीच्या पट्ट्या, सलाइनच्या पिशव्या. हा सगळा माल कित्येक दिवस पार मागे धूळ खात पडलेला होता.

"हे कुणी मागवलं?" काकूंनी विचारलं.

जावईबापूने पडद्यावर बोटं चालवली. "कुणीच नाही. मागवतील असं सासूबाईंना वाटतंय."

"कोण मागवेल?"

"कारखान्याला लागून जे इस्पितळ आहे ना, ते."

त्या कारखान्यात त्यांचे यजमान बॉयलरवर होते.

"का वाटतंय असं?"

"कारण नाही सांगत त्या, काकू. नुसती जागा सांगतात."

पण पोरगा कोरडा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो पडद्यापुढे बसून राहिला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. कंपनीची गोदामं गावोगाव होती आणि सगळ्यांचं डोकं एकच होतं, त्याने सांगितलं. दुसऱ्या एका शहरातल्या गोदामाजवळ असाच एक कारखाना होता. तिथून आधी गॅस्केटची मागणी बंद झाली. वाफेच्या पाइपांच्या जोडात बसवायच्या त्या साध्या चकत्या. मग आवळायच्या पट्ट्या आणि उष्णता सोसणारी टेप यांची मागणी वाढत गेली. आणि मग एके दिवशी तिथल्या इस्पितळाची मागणी आली, एकदम.

"आपल्या इथला कारखाना आता पट्ट्या आणि टेपच मागवतोय," तो म्हणाला. "गॅस्केट बंद."

"तिथे झालं काय होतं?"

"ते सासूबाईंना माहीत नाही. त्यांना फक्त मागणी दिसते. मी बातमी शोधली."

बातमीचं पान त्याने बंद करून टाकलं.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. "अहो, पाइपांच्या जोडात नवीन गॅस्केट घालता की नाही हल्ली?"

"तुला काय पडलंय गॅस्केटचं?" यजमान हसले. मग काकूंचं तोंड पाहून म्हणाले, "वरून मंजुरी नाही. जोड फुसफुसला की पट्टी आवळायची, वर टेप मारायची. साहेबाला सांगून झालं. म्हणाला, कारखाना पुढच्या दुरुस्तीला बंद होईपर्यंत रेटा."

काकूंनी सगळं सांगितलं. स्ट्रेचर, मलम, दुसऱ्या शहरातला कारखाना. "उद्या जाऊ नका," त्या म्हणाल्या.

"तुझ्या सासूबाईंनी कपाट आवरायला काढलं म्हणून मी घरी बसू?"

"थट्टा नाही करत आहे मी."

"मीही नाही करत." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी नाही गेलो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील. त्याच्या बायकोला कोण सांगणार आहे?"

काकूंना भयंकर राग आला, कारण नवऱ्याचं म्हणणं खरं होतं.

सकाळी त्यांनी नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून एक काम केलं. कारखान्याकडून मागणी नसताना त्यांनी गॅस्केटचं खोकं काढायला लावलं आणि कारखान्याकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. जावईबापूने पाहिलं आणि मान फिरवली. गाडी फाटकाबाहेर पडली तसा सासूबाईंच्या डोक्यात हिशेब बदलला असावा. दुपारी हिरवा ठिपका पहिल्या रांगेपाशी आला आणि एकेक स्ट्रेचर उचलून मागच्या काळोखात घेऊन गेला. मलमाचे डबे गेले, जाळीच्या पट्ट्या गेल्या. रांगेत साबणाची खोकी येऊन बसली. काकूंना इतकं हलकं वाटलं की त्या एकट्याच हसत सुटल्या. साबण बघून आनंद होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"खोकं मिळालं का?" त्यांनी रात्री नवऱ्याला विचारलं.

"फाटकावर काहीतरी आलंय म्हणत होते. उद्या स्टोअरवाल्याला विचारतो."

दुसऱ्या दिवशी काकू दाराशी उभ्या होत्या, तेव्हा ड्रायव्हर आला. कारखान्यात माल टाकून परतलेला, घाईत. त्याने काखेतलं खोकं परत आलेला माल आत नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर टाकलं आणि मग काकूंकडे वळला.

"त्यांनी हे परत दिलं, काकू. मागवलंच नव्हतं म्हणे. उघडूनसुद्धा बघितलं नाही."

काकू धावल्या, पण पट्टा सुरू झाला होता. दारावरच्या रबरी झालरी वर झाल्या, खोकं आत गेलं, झालरी खाली पडल्या. काळोखात हिरवा ठिपका आला, क्षणभर थांबला आणि दूर दूर जात बारीक झाला. खोकं पार मागे जाणार हे काकूंना ठाऊक होतं. आणि येताना सासूबाई रिकाम्या हाताने येणार नाहीत, हेही ठाऊक होतं.

ठिपका मोठा होत आला. हातांवर स्ट्रेचर होते. पहिल्या रांगेपाशी तो थांबलाच नाही. सरळ पुढे येऊन त्याने ते गाडीकडे जाणाऱ्या पट्ट्यावर ठेवले आणि पुढच्या खेपेला वळला.

"मागणी आली?" काकूंनी विचारलं.

जावईबापू पडद्याकडे बघत होता. "अजून नाही," तो म्हणाला.

काकूंनी नवऱ्याला फोन लावला. तो कारखान्याच्या फाटकावरच्या कप्प्यात वाजत राहिला असणार, आत न्यायची परवानगी नव्हती. मग कार्यालयात लावला. बॉयलरवरच्या माणसाला कामातून बोलावता येत नाही, निरोप देतो, असं कोणीतरी सांगितलं. काय निरोप द्यायचा, हे न विचारताच फोन ठेवलाही.

"गाडी काढ," काकू ड्रायव्हरला म्हणाल्या. "मला कारखान्यावर सोड. आत्ता." गोदाम शहराबाहेर होतं, त्या रस्त्याला कंपनीच्या गाड्यांशिवाय काही फिरकत नसे.

"काढली असती, काकू. पण माल पूर्ण चढल्याशिवाय फाटक उघडत नाही. तुम्हाला माहीतच आहे." त्याने पट्ट्याकडे मान हलवली. "एवढं चढलं की निघू. तिकडचंच आहे."

काकूंनी पट्ट्याकडे पाहिलं. स्ट्रेचर एकामागून एक येत होते, सावकाश. त्यांच्या मागे मलमाचे डबे. गॅस्केटचं खोकं तेवढं काळोखात राहिलं होतं, ते मागवल्याशिवाय पुढे येणार नव्हतं.

त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहिला स्ट्रेचर उचलला. वाटला होता त्यापेक्षा हलका होता. तो गाडीत सारला, दुसऱ्यासाठी वळल्या.

"बघत काय उभा राहिलास?" त्या ड्रायव्हरवर ओरडल्या. "हात लाव. भराभर चढव सगळे."