नऊ घास

आमच्या ह्वांग घराण्यात चारशे वर्षांत मूळ पुरुषाचं श्राद्ध एकदाही चुकलेलं नाही. हल्ली तर ते दिवसातून दोनदा होतं, अकराला आणि तीनला. सोमवारी सुट्टी.

हे घडवून आणलं माझा चुलतभाऊ इन-ग्यू याने. तो घराण्याचा सतरावा वारस. बँकेतली नोकरी सोडून गावी परतला तेव्हा थोरल्या घराच्या कौलांवर गवत उगवलं होतं आणि श्राद्धाला तीन माणसं जमत, त्यातला एक मी. त्याने खोल्या पाहुण्यांना दिल्या, घराण्याची तांदळाची दारू बाटल्यांत भरली आणि श्राद्धाचे प्रयोग लावले. आता कौलं नवी आहेत आणि सोलचे भाऊबंद निदान फोटोपुरते येऊन जातात. मी शाळेत जुनी चिनी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर घोड्याच्या केसांची उंच टोपी घालून पूर्वजांना बोलावण्याचा मजकूर वाचतो. आवाज चांगला आहे म्हणतात.

स्वयंपाक मोठ्या काकूंचा, म्हणजे इन-ग्यूच्या आईचा. वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून गाव त्यांना माहेरावरून हादोंगवाली म्हणतं. खरं नाव सरकारी कागदावर असेल. गावागावाची रीत वेगळी, पण आमच्या घरात बायका श्राद्धाच्या दालनाचा उंबरा ओलांडत नाहीत. काकूंनी चौसष्ट वर्षं आतल्या जेवणाऱ्यासाठी रांधलं, आणि ते जेवण मांडलेलं कसं दिसतं हे एकदाही पाहिलं नाही.

विधीचा गाभा असा. भातात चमचा उभा खोवला की सगळ्यांनी बाहेर यायचं, दारं लावायची आणि मान खाली घालून उभं राहायचं. आत पूर्वज जेवतात. नऊ घास होतील इतका वेळ. मग वारसाने तीनदा खाकरायचं आणि दार उघडायचं. जेवणाऱ्यावर कुणी एकदम जाऊ नये म्हणून. पण बंद दाराचा फोटो चांगला येत नाही आणि पाहुणे चुळबुळ करू लागतात. म्हणून आमच्या प्रयोगात नऊ घास वीस सेकंदांत होतात.

त्यात पाप नव्हतं, कारण मेजावरची पूर्वजाच्या पाटीची पेटी रिकामी होती. मूळ पुरुष वसतो त्याचं नाव लिहिलेल्या चेस्टनटच्या लाकडी पाटीत, आणि ती पाटी घरामागच्या देवळीवजा खोलीत. प्रयोगाला नुसती पेटी. ठरलं तसं होतं, काकूंना सांगितलंही तसंच होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, काकू पहिल्यांदाच त्या खोलीच्या पायऱ्या चढल्या. वेळ सव्वाअकराची. मग त्या चाळीस पाहुण्यांमधून वाट काढत दालनाच्या उंबऱ्याशी आल्या.

"इन-ग्यू, पाटी कुठंय?"

तो ओणवा होता. तसाच पुटपुटला, "आई, प्रयोग चालू आहे."

"तेच विचारतेय. कुणाचा?"

पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं स्वयंपाकघरात झालं. इन-ग्यू टोपी हातात घेऊन उभा होता.

"मला लाज वाटायला लागली, आई. एवढी माणसं लांबून येऊन बघतात आणि पेटीत काहीच नाही. ही तर फसवणूक. म्हणून एप्रिलपासून खरी पाटी ठेवतोय."

"म्हणजे हा सोक-जे खरं नाव घेऊन हाक मारतो, म्हातारा येऊन बसतो, तू भातात चमचा खोवतोस, आणि घास तोंडाशी जायच्या आत आवराआवर करतोस."

"काकू, ग्रंथात असं आहे की..." मी म्हणालो.

"तू गप. हाक तूच मारत होतास."

काकूंनी गॅस बंद केला. "तुमचं ठीक आहे रे. तुम्हाला अजून वीस वर्षं आहेत. मला वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यापुढं उभं राहायचंय. ते मलाच विचारणार, सूनबाई, जेवण तू रांधलंस ना? मग उपाशी का उठवलं? काय सांगू? बसची वेळ झाली होती?"

मी तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालो आहे आणि मेल्यावर काही उरतं असं मला वाटत नाही. तरी त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

काकूंचं म्हणणं सोपं होतं: जितक्या वेळा उठवलं तितक्या वेळा जेवू घालायचं. प्रयोगांच्या वहीत आकडा होता, दोनशे अठ्ठेचाळीस. नऊ घासांना किती वेळ, यावर मायलेकांत घासाघीस झाली.

"पाच मिनिटं," इन-ग्यू म्हणाला.

"एकोणऐंशी वर्षांचे होऊन गेले ते. दात नव्हते. दहा."

सातावर जमलं. एकूण एकोणतीस तासांना चार मिनिटं कमी.

"सोमवारी करू," इन-ग्यू म्हणाला. "सुट्टीच आहे."

"सुट्टीच्या दिवशी मागितली तर ती माफी नव्हे, सोय."

शुक्रवार ठरला, सकाळी दहा. क्षमेचा मजकूर मी जुन्या चिनीत लिहिला आणि काकूंना अर्थ सांगितला. 'दूरच्या पाहुण्यांनी आणलेल्या भेटवस्तूंच्या मोहाने' या ओळीशी त्यांनी थांबवलं.

"भेटवस्तू? तिकीट म्हण."

"जुन्या चिनीत तिकीट नाही, काकू."

"मग पस्तीस वर्षं शिकवलंस काय?"

शेवटी 'पैसे घेऊन' असं लिहिलं. वाचताना माझा आवाज तिथे थोडा खाली गेला. मग चमचा खोवला, बाहेर आलो, दारं लावली. काकू पांढरे कपडे घालून पायरीखालच्या फळीवर बसल्या. इन-ग्यूने उशी आणली, ती त्यांनी बाजूला ठेवली.

शनिवारी अकराला बुसानहून बस आली. बेचाळीस निवृत्त शिक्षक, सहा महिने आधी ठरलेले. इन-ग्यूने त्यांना फोन करायचं टाळलं होतं. आता तो फाटकात उभा राहिला आणि कंबरेत वाकला.

"आज बघण्यासारखं काही नाही. आजोबा जेवतायत."

"किती वेळ लागेल?"

"तीनला चार मिनिटं कमी असेपर्यंत."

"एवढं?" एक गृहस्थ म्हणाले. "माझी सून तर मला दहा मिनिटांत उठवते."

हसले सगळे. बरेच जण नदीकडे गेले, काहींनी पैसे परत मागितले आणि घेतले. दहा-बारा जण मात्र अंगणात येऊन थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्यासारखे मान खाली घालून उभे राहिले. एक बाई काकूंशेजारी टेकल्या.

"आजी, आतून काही ऐकू येतं?"

"दात नाहीत त्यांना," काकू म्हणाल्या. "आवाज कसला येणार?"

बाईंनी मान हलवली आणि फोन पिशवीत ठेवून दिला. त्या अंगणात इतकी शांतता मी प्रयोगाला कधी ऐकली नव्हती. माझ्या बापाच्या श्राद्धालाही नाही.

तीनला चार मिनिटं असताना इन-ग्यू तीनदा खाकरला. त्याने दोन्ही दारं उघडली, आणि आत न जाता मागे वळला.

"आई, आधी तू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रीतीभातीचा जाणकार मीच. मी आढ्याकडे पाहिलं.

त्यांनी चौकटीला धरून दुखरा गुडघा उंबऱ्यावरून उचलला आणि आत गेल्या. मेजावरचं एकेक भांडं पाहिलं: वाळवलेला मासा, खजूर, सोललेली फळं, भातातला उभा चमचा. वाकवेल तितक्या वाकल्या.

"जेवले," त्या म्हणाल्या. आवाजात हलकेपणा होता.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, उकाडा सरला नव्हता. भात आंबला होता.